साताऱ्यातले काष्ठौषधींचे एक दुकान आणि अडुळशाची चार रूपे

साताऱ्यात मोती चौकाकडून राजवाड्याकडे जाताना ज्या अरुंद गल्ल्या फुटतात, त्यांपैकी एकीत काष्ठौषधींचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जसे कौतुक आहे तशा दोन-तीन तक्रारीही आहेत, आणि त्या मी मालकांना तोंडावर सांगितलेल्या असल्या तरी चारचौघांत त्यांच्या नावाला चिकटवाव्यात असे मला वाटत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडी सरेपर्यंत मी या दुकानातून अडुळसा चार रूपांत घेतला: वाळलेली पाने, पानांची भरड, वासावलेह म्हणजे अडुळशाचे गोड चाटण आणि बाटलीतले सिरप. घरात खोकणारी माणसे दोन होती. यजमानांना पडसे झाले की नाक चार दिवसांत मोकळे होते, पण खोकला पुढे तीन आठवडे मुक्कामाला राहतो. सासूबाईंना पहाटे उबळ येते आणि बेडका सुटेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा माल पारखायला माझ्याकडे निमित्तांची वाण नव्हती.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद असेल. मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी फडताळ, त्यात पत्र्याचे डबे आणि प्रत्येक डब्यावर शाईने लिहिलेली चिठ्ठी: हिरडा, बेहडा, पिंपळी, काकडशिंगी, रिंगणी, तालीसपत्र, वेखंड. काही चिठ्ठ्यांवरची शाई इतकी फिकी झाली आहे की मालकांनाही डबा हलवून आवाजावरून ओळखावा लागतो. वजनासाठी काटा इलेक्ट्रॉनिक आला आहे, पुडी मात्र अजून कागदाचीच बांधतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "अडुळशाची पाने शंभर ग्रॅम द्या" एवढेच म्हटले होते. डबा काढण्याआधी त्यांनी विचारले, "काकू, खोकला कोरडा आहे की कफाचा? आणि घ्यायचा आहे कोणाला?" कफाचा आहे असे म्हटल्यावरच त्यांचा हात वरच्या फळीकडे गेला. कोरडा असता तर जेष्ठमधाचा तुकडा चघळायला दिला असता, असे त्यांनी सांगितले. ज्या दुकानात गिऱ्हाईक काय मागते यापेक्षा त्याला काय हवे आहे हे आधी विचारतात, ते दुकान निम्मी परीक्षा तेथेच उत्तीर्ण होते.

उरलेली निम्मी परीक्षा नोव्हेंबरात झाली. माझी भाची माहेरपणाला आली होती, तिला पाचवा महिना होता आणि घसा धरला होता. मी सहज म्हणून तिच्यासाठी वासावलेहाची बरणी मागितली, तेव्हा मालकांनी बरणी पुढे केली, तिचे कारण ऐकले आणि पुन्हा मागे ओढून घेतली. "पोटुशी बाईला अडुळसा देत नाही मी. तुम्ही डॉक्टरांना दाखवा," एवढेच ते म्हणाले. ही त्यांची अंधश्रद्धा नव्हे. अडुळशात वासिसिन नावाचे जे मुख्य अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतले औषधी द्रव्य, आहे, त्याने गर्भाशयाचे आकुंचन वाढते असे प्रयोगांत आढळलेले आहे, आणि म्हणून गरोदरपणात तो टाळावा असेच आजचे वैद्यकही सांगते. दोनशे दहा रुपयांची विक्री हातची घालवून त्यांनी ती बरणी फळीवर परत ठेवली, हे मी येथे नोंदवून ठेवते.

आता मालाविषयी. अडुळशाची पाने वाळली की सगळी वाळकी पाने सारखीच दिसू लागतात, आणि भेसळ करणाऱ्याचे तेथेच फावते. वनौषधींच्या पाठ्यपुस्तकांत अडुळशातली ठरलेली भेसळ म्हणून महारुखाच्या पानांचा उल्लेख असतो. फरक ओळखणे फार अवघड नाही: अडुळशाचे पान भाल्याच्या पात्यासारखे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते आणि कडेला अखंड असते, तर महारुखाच्या पर्णिकेची कड दातेरी आणि देठाजवळची बाजू तिरकी, एकीकडे जास्त उतरलेली असते. मालकांनी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला तेव्हा मी चष्मा लावून पाने चाळली. बहुतेक पाने अख्खी होती, रंग मातकट हिरवा होता, काळा पडलेला नव्हता, आणि चुरा तळाशी मूठभरच होता. त्यात दोन-तीन काड्या निघाल्या, त्या त्यांनी न सांगता वेचून बाजूला टाकल्या आणि मग काट्यावर पाने चढवली. शंभर ग्रॅमला ४० रुपये घेतले. पान दातांखाली धरले की आधी काहीच लागत नाही, आणि मग जिभेच्या मुळाशी जो कडूपणा उगवतो तो पाणी प्यायल्यानेही हलत नाही. हा कडूपणा नसेल तर पान अडुळशाचे नाही किंवा फार जुने आहे, असे खुशाल समजावे.

माझ्या माहेरी, वाईजवळच्या गावी, शेताच्या बांधाला अडुळशाचेच कुंपण होते, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. शास्त्रीय नावातले 'अधातोडा' हेही तमिळ नावावरून आलेले आहे आणि त्याचा अर्थ 'शेळी ज्याला शिवत नाही ते' असाच आहे. पूर्वी त्याला अधातोडा वासिका म्हणत, आता जस्टिसिया अधातोडा म्हणतात. संस्कृतात वासा, वृष, आटरूषक अशी नावे आहेतच, पण मला त्यातले 'सिंहास्य' फार आवडते. पांढऱ्या फुलाचे दोन ओठ उघडे असतात आणि ते खरोखरच सिंहाने जबडा वासल्यासारखे दिसतात. आम्ही मुले मात्र त्या सिंहाचा मान न राखता फूल देठाकडून खुडून त्यातला गोड थेंब चोखत असू. पान एवढे विखारी कडू आणि फूल गोड, याचे तेव्हा नवल वाटे.

वाळलेल्या पानांचा काढा मी जुन्या प्रमाणाने केला: दोन चमचे भरड, चार कप पाणी, मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवणे. झाकण ठेवू नये असे मालकांनी बजावले होते. भरड त्यांच्याकडेच मिळते, पण ती पाने समोर कुटून दिलेली असतील तरच घ्यावी; तयार भरडीच्या बरणीत काड्यांचे प्रमाण मला जास्त वाटले. ताजी पाने असली तर काढ्यापेक्षा रस चांगला, असे त्यांनीच सांगितले, आणि त्याचबरोबर "ताजी पाने माझ्याकडून कशाला विकत घेता, कुंपणावरची आणा" असेही सुनावले. ताज्या पानाची अडचण अशी, की ते रसरशीत दिसत असले तरी खलबत्त्यात कुटून पिळले तर फडके ओले होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून आयुर्वेदात त्यासाठी पुटपाकाची रीत सांगितली आहे: पाने गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन विस्तवात भाजायची आणि मग पिळायची. मी फ्लॅटमध्ये माती कोठून आणणार? मी पाने धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवली, गरम असतानाच जुन्या पंचात बांधून पिळली, आणि पंधरा-वीस पानांतून तीन चमचे गडद हिरवा, किंचित तपकिरी झाक असलेला रस निघाला. पंचाचा डाग अजून गेलेला नाही. सासूबाईंना त्यातला दोन चमचे रस, चमचाभर मध घालून, सकाळी दिला. त्यांनी तोंड वेडेवाकडे केले, मला दोन शब्द ऐकवले, आणि अर्ध्या तासात पहिल्यांदाच फार कष्ट न पडता कफ सुटला. पुढचे आठ दिवस त्या स्वतःच वाटी मागू लागल्या.

मध मी या दुकानातला घेतला नाही. तेथे बिनलेबलाच्या बाटल्या होत्या आणि मालकांना मधाविषयी औषधांइतके नेमके सांगता येत नव्हते. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरचा मध हाताशी असताना, आणि त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले असताना, निनावी बाटली घेण्याचे कारणही नव्हते. गंमत म्हणजे सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, जिच्या मधाची आपल्याकडे एवढी वाखाणणी होते, ती अडुळशाच्याच कुळातली. तेव्हा त्या वाटीत दोन भावंडे भेटतात असे म्हणायला हरकत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कोणत्याही औषधाबरोबर देऊ नये; त्यातून लहानग्यांना बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

अडुळसा कफ पातळ करतो हा केवळ आजीबाईंचा बटवा नाही. त्यातल्या वासिसिनचा अभ्यास करता करता त्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध घडवले गेले, ते १९६० च्या दशकात बाजारात आले, आणि शरीरात ब्रोमहेक्सिनपासून जे ॲम्ब्रॉक्सॉल तयार होते तेही पुढे स्वतंत्र औषध झाले. म्हणजे केमिस्टच्या दुकानातून कफाचे सिरप घेताना लेबलावर ही दोन नावे दिसली, तर त्यांचे मूळ आपल्या बांधावरच्या झुडपात आहे असे समजावे. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे, की पानातला अर्क आणि गोळीतले मोजलेले रसायन यांत मोठे अंतर आहे. पानात किती वासिसिन आहे हे ऋतू, जमीन आणि पान किती जुने यावर बदलते, म्हणून काढ्याचा परिणाम आज जेवढा तेवढाच उद्या येईल असे नाही.

वासावलेह हे या दुकानातले माझे सर्वांत आवडते आणि सर्वांत सावधपणे घेतलेले उत्पादन. अडुळशाचा रस, साखर, तूप, पिंपळी आणि मध असा त्याचा पारंपरिक पाठ आहे, आणि ही बरणी उघडली तेव्हा तूप व पिंपळी यांचा वास स्पष्ट आला. चाटण बोटाला चिकटते, तारेला येत नाही, खाली बसलेली साखर नव्हती. कडूपणा सुरुवातीला साखरेच्या मागे लपतो आणि शेवटी पिंपळीच्या तिखटाबरोबर बाहेर येतो; ज्यांना काढा गिळवत नाही त्यांच्यासाठी हे रूप खरोखर सोयीचे आहे. लेबलावर घटकांची यादी प्रमाणासह, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक होता. यजमानांना मधुमेह असल्याने मात्र ही बरणी त्यांच्यासाठी बाद ठरली. अवलेह म्हणजे मुळात साखरेचा पाक, हे मालकांनी आपणहून सांगितले नव्हते. ते मी लेबल वाचून विचारले तेव्हा त्यांनी मान्य केले. गरोदर बाईच्या बाबतीत जी दक्षता दाखवली ती मधुमेह्याच्या बाबतीत का नाही, हा प्रश्न मला पडला. साताऱ्यात मधुमेही माणसे गरोदर बायकांपेक्षा काही कमी नाहीत.

आता ज्या वस्तूवर मी नाराज आहे तिच्याकडे वळते. दुकानाच्या दर्शनी भागात, डब्यांच्या पुढे, जेथे पूर्वी जायफळाची पितळी वाटी असायची, तेथे आता सोनेरी अक्षरांच्या बाटल्यांची रांग आहे. त्यावर अडुळशाचे पान छापलेले आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'रोगप्रतिकारशक्तिवर्धक' असे लिहिलेले आहे. शंभर मिलीला ८५ रुपये. मी मोबाइलच्या उजेडात मागची यादी वाचली, तर अडुळसा पाचव्या क्रमांकावर, तुळस, सुंठ, जेष्ठमध आणि गुळवेल यांच्याही मागे, आणि आधार म्हणून साखरेचा पाक. चव आल्याच्या वडीसारखी. कडूपणा नावालाही नाही. चार दिवस यजमानांच्या देखत मीच घेऊन पाहिले. घसा तेवढ्यापुरता ओला होतो, तो कोणत्याही गोड पाकाने होतोच.

मालकांना विचारले तर ते ओशाळे हसले. "काकू, दोन हजार वीसपासून लोक येऊन इम्युनिटीच मागतात. खोकल्याचे मागणारे तुमच्यासारखे थोडे." त्यांचे म्हणणे खोटे नाही. करोनाच्या त्या वर्षांत प्रत्येक घरात काढ्याचे पातेले चुलीवर होते आणि 'प्रतिकारशक्ती' हा शब्द मिठासारखा प्रत्येक पुडीत पडू लागला. पण अडुळशाची कीर्ती ज्यासाठी आहे ते काम कफ सोडवण्याचे आहे. वासा असताना आणि जगण्याची आशा असताना रक्तपित्ताचा (म्हणजे रक्तस्रावाच्या विकाराचा), क्षयाचा वा खोकल्याचा रोगी खचतोच का, अशा अर्थाचे एक प्रसिद्ध संस्कृत वचन आहे. त्यातही खोकला आहे, क्षय आहे, पण 'कोणालाच काही होऊ नये म्हणून सर्वांनी रोज दोन चमचे' असे कोठे म्हटलेले नाही. निरोगी माणसाने महिनोन्‌महिने अडुळसा घेतल्याने पडशाच्या विषाणूंपासून संरक्षण मिळते, असा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. त्या सिरपमध्ये शेजारी असलेल्या गुळवेलीचे उदाहरण तर ताजे आहे: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी, प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेताना, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणाच्याही बाजूने सुटो. औषध म्हणून असलेली वस्तू रोजच्या चहासारखी पिऊ नये आणि ओळख न पटलेली वेल घरात आणू नये, एवढे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून निघतेच.

तक्रारींपैकी दुसरी पुडीच्या तारखेची. सुट्या पानांच्या पुडीवर काहीच लिहिलेले नसते. पाने कधी तोडली, कधी वाळवली, कोठून आली, याचा पत्ता नाही. साताऱ्याचा पावसाळा लांबतो आणि वाळवण दमट राहते हे आपण जाणतोच. सप्टेंबरअखेर आणलेल्या माझ्या दुसऱ्या पुडीला कुबट वास होता, तळाच्या पानांवर पांढरट बुरशी होती. मी ती परत नेली. मालकांनी आधी "तुमच्या घरात ओल लागली असेल" असे म्हटले, मग डबा उघडून स्वतःच नाक लावले, आणि काही न बोलता तळाची सगळी पाने कचऱ्यात ओतून मला वरच्या डब्यातली नवी दिली. तेवढ्यावर मी समाधानी आहे, पण ज्याला वास ओळखता येत नाही अशा गिऱ्हाइकाने ती पाने उकळून प्यायली असती. पुडीवर महिना लिहायला शाई किती लागते? बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ही तिसरी तक्रार किरकोळ आहे, आणि गल्लीत दुचाकी लावायला जागा नाही ही तक्रार दुकानाची नसून साताऱ्याची आहे.

गुण आला का, असे मला अनेकांनी विचारले. सासूबाईंच्या बाबतीत कफ लवकर सुटू लागला, हे मी रोज पाहिले. यजमानांनी साखर नको म्हणून अवलेह सोडून काढाच घेतला आणि त्यांचा खोकला बाराव्या दिवशी थांबला. पण पडशानंतरचा खोकला तीन आठवड्यांच्या आत बहुधा आपोआपच जातो, तेव्हा बाराव्या दिवसाचे सगळे श्रेय त्या पानांना देण्याइतकी मी भोळी नाही. रात्रीची झोप मात्र मोडली नाही, आणि केमिस्टकडच्या झोप आणणाऱ्या सिरपची बाटली या वर्षी घरात आली नाही, एवढे खरे. ज्यांचा खोकला दोन आठवडे उलटूनही जात नाही, ज्यांना संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते किंवा थुंकीत रक्त दिसते, त्यांनी या दुकानाकडे न वळता आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे तेथे मोफत आहेत, आणि वरच्या वचनात क्षयाचे नाव असले तरी क्षयावर अडुळशाच्या भरवशावर राहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

या दुकानात जाऊन अडुळसा घ्यायचा असेल, तर अख्खी पाने मागा, समोर ओतून घ्या, एक पान दातांखाली धरा. साखर चालत असेल तर वासावलेह घ्या. सोनेरी बाटलीकडे पाहूही नका. दुपारी दीड ते चार दुकान बंद असते. जानेवारीत मी शेवटची गेले तेव्हा माहेरहून आणलेल्या अडुळशाच्या चार फांद्या त्यांना दिल्या, कारण खोडाचे तुकडे मातीत खोचले की तो लागतो. त्यांनी त्या दुकानाबाहेर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावल्या आहेत. परवा मोती चौकातून येताना पाहिले, तर एकीला पालवी फुटली होती आणि उरलेल्या तिघींवर गल्लीतल्या शेळ्यांनी खरोखरच तोंड लावलेले नव्हते.